पन्नाशीनंतरचं झाडकाम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वय 51. जावळी तालुक्यात सिल्व्हर ओक तोडायचं काम करतो. थंडीत पहाटे मोटारसायकलवर निघालो की डाव्या हाताची दोन बोटं शेंड्यापासून पांढरी पडतात, मग मुंग्या येऊन लाल होतात. चांगले हातमोजे घेतले तर थांबेल का?

उत्तर : मोज्यांनी हात गरम राहील, दुखणं जाणार नाही. चेनसॉच्या कंपनाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा वर्षानुवर्षं मार खातात, आणि गारठा लागला की त्या आखडतात. पुढचा दांडा डावा हात धरतो, त्यामुळे तक्रार डाव्या हातातही असते. झालेली इजा पुरती भरून येईलच असं नाही, पण ती वाढू न देणं तुमच्या हातात आहे. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकायला लागेपर्यंत वाट पाहू नका.

मशीनच्या पुस्तिकेत दोन्ही दांड्यांच्या कंपनाचा आकडा (m/s² मध्ये) असतो. युरोपात 8 तासांच्या दिवसाला 5 ही कमाल मर्यादा आहे आणि 2.5 पासूनच मालकाला उपाय करावे लागतात. तुमच्या मशीनचा आकडा 7 असेल तर कमाल मर्यादा 4 तासांत संपते, 2.5 ची तर तासाभरातच. हे तास मशीन हातात चालू असतानाचे धरायचे, चहा-जेवणाचे नव्हेत. म्हणून कापणं दोघांत वाटून घ्या.

दुसरं, चेन. भुशाच्या जागी पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली. मग माणूस मशीन दाबतो आणि कंपन मनगटात उतरतं. दर टाकीला प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात द्या. .325 पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं इंचातलं माप) चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते, लहान मशीनच्या बारीक 3/8 चेनला 4 मिमीची. कोन बहुतेक चेनला 30 अंश. दातापुढचा उंचवटा दाताच्या धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवा; जास्त घासलात तर मशीन उसळतं. आणि कानस मारताना चाळिशी लावाच. नजरेच्या अंदाजाने घासलं की एका बाजूचे दात लांब राहतात, काप वाकडा जातो आणि दोष बारला (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीला) दिला जातो. दांड्याखालची रबरं चिरली असतील तर बदला, त्यांचा खर्च फार नसतो.

बिडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर त्यानेही बोटं गार पडतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना मशीनचं काम सांगून पर्याय विचारा.

प्रश्न : वय 58, गुहागर. नारळ-सुपारी उतरवतो. रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. दोन झाडं करून खाली आलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. कमरेला पट्टा बांधून चढलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. पट्टा पडू देत नाही, पण चक्कर काही थांबवत नाही. बेशुद्ध माणूस पट्ट्यात लटकत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांत जिवावर बेततं. खाली उभं राहून हाका मारणारा अशा वेळी कामाचा नाही. दुसऱ्या दोराने वर जाऊन उतरवणारा हवा.

डॉक्टरांना दाखवेपर्यंत चढणं बंद ठेवा. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर तिची आणि घामाची त्यात भर पडते. घरी 5 मिनिटं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवा. छातीत दडपण किंवा धाप असेल तर नोंदी करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नारळ विकास मंडळाने 2011 पासून माडावर चढायच्या यंत्राचं प्रशिक्षण दिलं आहे. यंत्राने पाय-गुडघ्यांना आराम मिळतो, पण उंची तीच राहते. सुपारीला जमिनीवरून काढायची लांब जोडकाठी बरी. मात्र ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर दोन्हींतून वीज वाहते, तेव्हा तारांजवळ ती उभी करू नका.

प्रश्न : आता मुलगा वर जातो, मी खाली असतो. गिऱ्हाईक म्हणतं, “काका नुसते उभे, त्यांची मजुरी निम्मी धरा.”

उत्तर : पुरी धरा. चढण्याआधी बुंध्यावरची अळंबी, मुळांजवळ भेगाळलेली माती, लाकडी हातोडीखालचा पोकळ आवाज आणि आग्या मोहोळ बघणं हे तुमचं काम, आणि नको म्हणायचा अधिकारही तुमचाच.

ओंडका दोराने सोडताना बुंध्याला तीन वेढे घ्या. हाताला किंवा कमरेला कधीच नाही. ओलं लाकूड घनमीटरला साधारण टनभर धरा : 30 सेंमी जाड, 2 मीटर लांब तुकडा म्हणजे 140 किलो. तो अर्धा मीटर जरी मोकळा पडून थांबला तरी दोरावर वजनाच्या कितीतरी पट हिसका बसतो. म्हणून मुलाला तुकडे लहान करायला लावा आणि दोर आधीच ताणून ठेवा.

शहरातलं काम असेल तर 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कागद गिऱ्हाइकाकडे असतो असं ऐकून घेऊ नका. मशीन सुरू करण्याआधी तो स्वतः वाचा आणि त्यातलं झाड हेच आहे ना, ते बघा.