ज्योतिबाच्या पायथ्याला सापडलेला हिरवा दगड टॉर्बर्नाइट असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्योतिबाच्या पायथ्याला काळा दगड फोडताना आतल्या पोकळीत हिरवा थर दिसला, मित्र म्हणाला, ‘हा युरेनियमवाला टॉर्बर्नाइट’, आता घरात ठेवावा का?

ठेवा बिनधास्त. फोटोतला मातकट, शेवाळासारखा थर बहुधा सेलाडोनाइटचा आहे. आपल्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांना आतून तो असाच लिंपलेला असतो. त्यात लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम. युरेनियमशी त्याचा काही संबंध नाही.

टॉर्बर्नाइट मातकट नसतं. चौकोनी, पातळ, पाचूसारख्या हिरव्या पापुद्र्यांचं ते खनिज. तांबं, युरेनियम, फॉस्फेट आणि भरपूर पाणी. वजनाच्या जवळजवळ ४७ टक्के युरेनियमच. युरेनियम-फॉस्फेटचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक, आणि मधल्या फटीत तांबं नि पाणी. म्हणून ते अभ्रकासारखं सुटतं, आणि कोरड्या हवेत पाणी गमावून मेटाटॉर्बर्नाइट बनतं. संग्रहातले बरेचसे नमुने खरं तर तेच असतात.

मी कॉलेजात जिऑलॉजी शिकत होतो तेव्हा कपाटात झारखंडातल्या सिंहभूमचा एक टॉर्बर्नाइटचा नमुना होता, काडेपेटीएवढ्या डबीत. दगडावर नखाएवढे हिरवे पापुद्रे, काही गळून तळाच्या कापसावर पडलेले, कडेने फिकट झालेले. धूळ बसली म्हणून मी डबी तोंडाजवळ धरून फुंकर मारली. सरांनी डबी हिसकावून घेतली आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचं बरोबर होतं. हातात धरून होतं त्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान ती भुकटी श्वासातून आत गेली तर होतं. शिवाय बंद डबीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो तो वेगळाच. पुस्तकात कठीणपणा २ ते २.५ लिहिलेला असतो, म्हणजे नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ; पण खरं टॉर्बर्नाइट हाती आलंच तर तो प्रयोग करू नका.

सिंहभूममध्येच ते का? कारण तिथे तिन्ही गोष्टी शेजारी आहेत: युरेनियमचं खनिज, तांब्याचं खनिज आणि फॉस्फेट पुरवणारं अ‍ॅपटाइट. पावसाचं पाणी आणि हवा यांनी वरचा भाग कुजला की युरेनियम विरघळून खाली झिरपतं, तांबं नि फॉस्फेट भेटले की फटीत हिरवा पापुद्रा धरतो. आपला ट्रॅप, म्हणजे दख्खनच्या पठाराचा हा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात युरेनियम इतकं कमी की अशी पंगत बसणारच नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला ट्रॅपखालचे कलादगी खोऱ्यातले जुने वाळूखडक डोकावतात, आणि त्याच खोऱ्यात बेळगावकडे देशनूरजवळ युरेनियमचा शोध घेतला गेलाय. पण ज्योतिबा म्हणजे निखळ ट्रॅप.

टॉर्बर्नाइट अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकतं अशी गोष्ट मित्राने सांगितली असेल, तर तीही सोडून द्या. झगझगीत पिवळा-हिरवा चमकतो तो ऑट्युनाइट, याचा चुलतभाऊ, तांब्याऐवजी कॅल्शियमवाला. टॉर्बर्नाइटमधलं तांबं ती चमक मारून टाकतं.

मला मात्र या खनिजाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी आहे. १८९८ मध्ये मेरी क्युरींनी याचा नमुना मोजला, तेव्हा त्याला चाल्कोलाइट म्हणत. किरणोत्सार निव्वळ युरेनियमच्या दुपटीहून जास्त भरला. ज्यात युरेनियम निम्मंच, ते युरेनियमवर मात कशी करतं? बाईंनी तेच खनिज प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवलं. ते निव्वळ युरेनियमच्या निम्म्यालाही पोचलं नाही. म्हणजे खाणीतल्या दगडात आणखी काहीतरी दडलंय! त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम हाती लागले, तेही पिचब्लेंड या युरेनियमच्या दुसऱ्या खनिजातून, पण संशय पक्का करायला हा हिरवा दगड उपयोगी पडला.

एक कायद्याची गोष्ट. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात अशी अट होती की देशात कुठे युरेनियम सापडलं असं कळलं, तर तीन महिन्यांत केंद्र सरकारला लेखी कळवावं. तुमच्या दगडासाठी पत्र लिहायची गरज नाही. जुन्या टूथब्रशने पाण्याखाली हलक्या हाताने धुवा, पोकळीत पांढरे झिओलाइटचे सुईसारखे स्फटिकही दिसतील कदाचित. दिसले तर फोटो टाका.