आमदारांनी 'आणलेला' कोट्यवधींचा निधी खरा असतो का, आणि आपण तो कसा तपासायचा?

तुमचा प्रश्न असा: आमदारांच्या माणसांनी घरोघरी कार्यअहवाल वाटला, त्यात 'पाच वर्षांत मतदारसंघासाठी ६४० कोटींचा निधी खेचून आणला' असं छापलंय. आमदारांना तर वर्षाला ५ कोटीच मिळतात. मग बाकीचे कुठले, आणि यातलं खरं किती हे आपण कसं शोधायचं?

आकडा सहसा धादांत खोटा नसतो. पण तो कुठल्या टप्प्यावरच्या पैशाचा आहे हे अहवालात लिहिलेलं नसतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमदारांची पत्रं आमच्याच टेबलावर यायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ५ कोटी. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची मर्यादा २०२० मध्ये २ वरून ३ कोटी झाली, २०२१ मध्ये ४ आणि २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ५. विधानसभेच्या २८८ आमदारांना हा निधी असतो तसा विधान परिषदेच्या ७८ जणांनाही. मात्र यातला एक रुपयाही आमदारांच्या खात्यावर जात नाही. ते लेटरहेडवर कामांची यादी देतात: 'मौजे अमुक येथे सभामंडप बांधणे, १० लक्ष', 'प्रभाग क्र. ४ मध्ये पेव्हर ब्लॉक बसविणे, ७ लक्ष', कुठे हायमास्ट, कुठे स्मशानभूमीची शेड, कुठे ओपन जिम. त्यानंतर जागेचा उतारा, ग्रामपंचायतीचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर (म्हणजे कार्यारंभ आदेश) अशी रांग लागते. काम बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका करते. बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीवर, जिला सगळे एमबीच म्हणतात.

फेब्रुवारी उजाडला की त्याच लेटरहेडवर दुसरं पत्र येतं: 'दि. अमुकच्या पत्रातील अ. क्र. ६ चे काम रद्द करून त्याऐवजी खालील काम घ्यावे.' कारण अ. क्र. ६ ला जागाच नसते, किंवा सभामंडप कुठल्या देवळापुढे बांधायचा यावर गावातल्या दोन गटांचं जमलेलं नसतं. मार्च एंडच्या आत पैसा मार्गी लावायचा म्हणून आम्हीही धावपळ करून नवीन कामाला मान्यता घ्यायचो. कार्यअहवालात मात्र कधीकधी दोन्ही कामं दिसतात. यादी करणारा कार्यकर्ता आमदारांच्या पत्रांच्या फायलीवरून ती करतो, आमच्या रजिस्टरवरून नाही. यात लबाडी असतेच असं नाही, पण बेरीज फुगते.

तर पाच वर्षांचे झाले २५ कोटी. उरलेले ६१५ येतात ते निरनिराळ्या खिडक्यांतून. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून जिल्हा वार्षिक योजनेची कामं मिळतात. बांधकाम खात्याचं ५०५४ हे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला खर्चाचा ठरलेला कप्पा, रस्ते-पुलांसाठी. ग्रामविकासचं २५१५ लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत कामांसाठी. तालुक्याच्या ठेकेदारांत 'पंचवीस-पंधरातून धरलंय' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शहरी भाग असेल तर नगरविकास खातं. शिवाय केंद्राच्या योजना: जलजीवन मिशनमध्ये केंद्र आणि राज्य निम्मेनिम्मे, प्रधानमंत्री ग्रामसडकमध्ये ६०:४०. त्यामुळे एकच ग्रामसडक खासदारांच्या अहवालात असते, आमदारांच्या असते आणि जिल्हा परिषद सदस्याच्या बॅनरवरही. नारळ तर तिघेही फोडतात. काही अहवालांत लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० गुणिले लाभार्थी गुणिले महिने हा गुणाकारसुद्धा 'आणलेल्या निधीत' धरलेला मी पाहिलाय. ती राज्यभराची योजना आहे, आमदार कुणीही असता तरी ते पैसे आलेच असते.

पण एक मान्य करायला हवं. २५१५ किंवा ५०५४ मध्ये आपल्या गावाचं नाव लागावं म्हणून मंत्रालयात फायलीमागे फिरावं लागतं, आणि ते फिरणारे आमदार आणि न फिरणारे आमदार यांच्या तालुक्यांत फरक दिसतो. तेवढं श्रेय त्यांचं.

आता टप्प्याचं. समजा, एका रस्त्याचं नाव अर्थसंकल्पात लागलं. कामाची किंमत १२ कोटी, त्या वर्षाची तरतूद १ कोटी. अहवालात काय छापणार? १२. पुढच्या वर्षी त्याच कामाला आणखी २ कोटी आले की काही बहाद्दर तेही वर मिळवतात. आणि मंजुरी म्हणजे काम नव्हे, याचा दाखला फार जुना नाही. २०२२ च्या जुलैत सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या पण सुरू न झालेल्या कामांना सरसकट स्थगिती मिळाली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. त्यातली बरीच कामं तोवर कुणाच्या ना कुणाच्या पत्रकात 'आणलेली' होतीच. उलट बाजूही आहे: काम पूर्ण, पण बिल नाही. थकलेल्या बिलांसाठी २०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या.

तपासायचं कसं? ६४० कोटींच्या मागे लागू नका, दमाल. तुमच्या रोजच्या वाटेवरची तीन कामं निवडा. आधी जागेवर जा. कामाचं नाव, योजना, किंमत आणि ठेकेदार लिहिलेला फलक असायला हवा. योजनेचं नाव कळलं की पुढचं सोपं. २५१५ चं काम असेल तर शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावर ग्रामविकास विभागाखाली जीआर शोधा; त्याच्या परिशिष्टात तालुका, गाव, काम आणि रक्कम अशी यादी असते. आमदार निधीचं असेल तर यादी जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे.

तिथेही थांगपत्ता लागला नाही तर माहितीचा अधिकार. 'जोडपत्र अ'चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. 'काम का झालं नाही' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो कागद द्यायला बांधील असतो. म्हणून कागद मागा: 'अमुक कामाचे प्रशासकीय मान्यता आदेश, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अंतिम देयक यांच्या छायाप्रती.' पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. माझा अनुभव सांगतो, नुसता 'निधीची माहिती द्या' असा अर्ज आला की आमच्याकडे तो या शाखेतून त्या शाखेत फिरत राहायचा. कागदांची नावं लिहिलेला अर्ज आला की कारकून निमूट उठून फाईल काढायचा.

तुम्ही विचारलं नाही, पण अहवालातलं एक पान मी आधी उघडून बघतो: विधिमंडळातील कामगिरी. आमदाराचं मूळ काम कायदे करणं आणि सरकारच्या खर्चाला मान्यता देणं. सभामंडप त्यानंतर. तरीही हे पान सगळ्यात पातळ असतं, आणि त्यात 'विधानसभेत आवाज उठवला' असा फोटो असतो. आवाज म्हणजे काय ते बघा. तारांकित प्रश्न, अतारांकित (नुसतं लेखी उत्तर मिळणारा), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) की नुसता सभागृहात मांडलेला औचित्याचा मुद्दा? तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर मंत्र्यांना उपप्रश्न विचारता येतात. पण बऱ्याच प्रश्नांची पाळीच येत नाही, लेखी उत्तर तेवढं छापून येतं. त्याचा साचा एकदा वाचला की विसरत नाही:

'(१) अमुक रस्त्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याबाबत चौकशी करण्यात आली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

आणि उत्तर: '(१) अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

हे उत्तर आल्यावर आमदारांनी पुढे काय केलं, यात खरी कामगिरी. प्रश्नोत्तरं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात, आपल्या आमदारांच्या नावाने शोधून बघा.

'अमुक कायदा मंजूर केला' हे वाक्यही जपून घ्या. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की मत पक्षाचं असतं, आमदाराचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात एकमताने मंजूर झालं. ते सगळ्याच आमदारांनी मंजूर केलं, तुमच्याही आणि शेजारच्याही. खर्चाचंही तेच. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात जवळपास ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाव्यतिरिक्तच्या खर्चाच्या मागण्या, आल्या. त्यावर आपले आमदार काय बोलले, हे मी तरी एकाही कार्यअहवालात वाचलेलं नाही.

व्हीपच्या आधी मात्र बरंच करता येतं. कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठीचं जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, तिच्याकडे १२ हजारांवर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. विधेयकाच्या बाजूने असा की विरोधात, सूचना पाठवायची मुदत चालू होती तेव्हा तुमच्या आमदारांनी मतदारांना तसं कळवलं होतं का? मला विचाराल तर अहवालात हे हवं.

आणि एकट्या आमदाराचा उपयोग होत नाही असंही नाही. रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे होते. पद विधान परिषदेच्या सभापतीचं, पण साठच्या दशकात तासगाव भागात त्यांनी कल्पना आधी करून बघितली, १९७२ पासून ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर लावला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच. कायदा आणि त्याच्यासाठीचा पैसा, दोन्हींचा विचार एकदम झालेला.

शेवटी ते 'आरोग्यसेवक' पान, रुग्णांना मदत मिळवून दिल्याचे फोटो. मदत खरी असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती आमदारांच्या पत्रावाचूनही मिळते, हे तिथे लिहायला हवं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीचा रुग्ण असेल तर अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं असतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला थेट भेटा. नाहीच म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.