सोसायटीचे दप्तर संगणकावर : कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत?

प्रश्न : मी आमच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा मानद सचिव आहे. कार्यालयासाठी नुकताच नवा डेस्कटॉप घेतला. दुकानदाराने त्यात विकतचे ऑफिस पॅकेज ‘असेच’ घालून दिले, ते चालावे म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवण्यास सांगितले आणि वर वीस-बावीस ‘उपयुक्त’ सॉफ्टवेअरची यादीही हातात ठेवली. सभांची इतिवृत्ते, देखभाल शुल्काची बिले आणि पत्रव्यवहार एवढेच आमचे काम आहे. जुनी इतिवृत्ते मात्र एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असून नव्या संगणकावर ती अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतात. आम्ही नेमके काय ठेवावे? (एक वाचक, दादर)

उत्तर : यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि आधी ते ‘असेच’ आलेले पॅकेज काढावे. परवान्याचा प्रश्न आहेच. पण जो प्रोग्राम चालवण्यासाठी पहारेकऱ्याला झोपवावे लागते, त्याच्याबरोबर आणखी कोण आत शिरले हे आपल्यालाही कळत नाही आणि दुकानदारालाही. संगणक नवाच असल्याने विंडोज ‘रीसेट’ करून कोऱ्या पाटीवर सुरुवात करणे सर्वांत निर्धोक. डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोज ८ पासून अंगभूत आहे आणि सोसायटीच्या कामाला तो पुरतो. तो फक्त चालू असावा.

ऑफिस पॅकेज म्हणून लिबरऑफिस घ्यावे. ओपनऑफिसच्या प्रकल्पातून २०१० मध्ये बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’च्या छत्राखाली ते पुढे नेले, ते घरी आणि कार्यालयातही विनामूल्य वापरता येते. दोन गोष्टींवर मात्र नवखा माणूस हमखास अडखळतो. पहिली अशी की ते आपल्या स्वतःच्या ओडीटी स्वरूपात फाइल साठवते, आणि लेखापरीक्षकांकडे ती पाठवली की ‘उघडत नाही’ असा फोन येऊ शकतो. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन डॉक्स आणि एक्सएलएसएक्स ही नेहमीची स्वरूपे निवडून ठेवावीत. दुसरी गोष्ट मराठी माणसाची खास आहे. लिबरऑफिसमध्ये रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे ठरवावे लागतात, आणि देवनागरीची सोय ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ अशा भारदस्त नावाखाली दडलेली असते. ती चालू केली नाही, तर मराठी मजकुराचा फॉन्ट बदलता बदलत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरला नावे ठेवतो.

आता जुन्या इतिवृत्तांविषयी, कारण आपल्या पत्रातील खरा मौल्यवान ऐवज तोच आहे. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षरे नसतातच. साठवलेले असतात ते इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि त्यांवर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. फॉन्ट नसला की चित्र उतरते आणि खालचा सांगाडा दिसतो. म्हणून प्रथम जुन्या संगणकातून तो फॉन्ट मिळवावा, प्रत्येक फाइल त्यात उघडून तिची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे निदान वाचण्याजोगी प्रत कायमची हाती राहील. त्यानंतर त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या आणि सर्व संगणकांना कळणाऱ्या पद्धतीत, आणावा. जुन्या पद्धतीत ‘कि’मधील वेलांटी दिसते तशी आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, ही अदलाबदल जोडाक्षरांपाशी चुकते. ‘कर्मचाऱ्यांचे’ याचे ‘कर्मचार्यांचे’ होणे हा तर ठरलेला अपघात. इतिवृत्त हा पुरावा असतो, तेव्हा ठरावांतील नावे आणि रकमा मूळ पीडीएफशी दोघांनी बसून ताडून पाहाव्यात. ते काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही.

पुढचे टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक, म्हणजे देवनागरी अक्षरांची कळांवरील प्रमाणित मांडणी, अंगभूत आहे. इंग्रजी स्पेलिंगने लिहिणाऱ्यांसाठी २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. माझा कल इनस्क्रिप्टकडे आहे, कारण पंधरा दिवसांच्या सरावानंतर बोटे स्वतःच जागा शोधतात. फॉन्ट हवा असल्यास मुंबईतच घडलेले दोन विनामूल्य फॉन्ट सुचवतो : एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’. नोटीस फलकासाठी पहिला, लांबलचक अहवालासाठी दुसरा.

यादीतील उरलेल्यांपैकी तीनच ठेवावीत. सीसीटीव्हीचे चित्रण पाहण्यासाठी व्हीएलसी. गुप्तशब्द लावून कागदपत्रे मेलने पाठवण्यासाठी सेव्हन-झिप. आणि फाइल शोधण्यासाठी ‘एव्हरीथिंग’. हे शेवटचे छोटेसे सॉफ्टवेअर डिस्कवरील फाइलींची मूळ नोंदवहीच वाचत असल्याने नाव टाइप करता करता फाइल समोर येते, देवनागरी नावांचीसुद्धा. मजकुराच्या आतला शोध मात्र त्याच्याकडून या वेगाने अपेक्षू नये. तिन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावीत. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरातीचा असतो.

कार्यालय तळमजल्यावर असेल तर आणखी एक सांगणे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याने तळमजला आणि पोटमाळा यांतला फरक मुंबईला नीट शिकवला. दप्तराची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क वरच्या मजल्यावरील एखाद्या समिती सदस्याच्या घरी ठेवावी. संगणकाशेजारच्या कपाटातली प्रत मोजू नये.

प्रश्न : माझा सात वर्षांचा संगणक सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे घेतो. ‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ असे सांगणारे सफाईचे सॉफ्टवेअर घ्यावे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : घेऊ नये. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची अंतर्गत नोंदवही, साफ केल्याने जाणवण्याजोगा वेग वाढत नाही, उलट एखादी गरजेची नोंद उडण्याचा धोका असतो. शिवाय अशा सॉफ्टवेअरला संगणकात सर्वत्र मुभा द्यावी लागते. सीसीक्लीनर हे त्यांतले नामवंत. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’मध्ये संगणकाबरोबर जागे होणारे नको ते प्रोग्राम बंद करावेत. एवढ्याने भागले नाही आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असली, तर लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात चक्कर मारून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्यावी. सफाईच्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीपेक्षा तो पैसा कितीतरी सत्कारणी लागतो.

प्रश्न : विंडोज १० चा आधार संपला म्हणतात आणि माझा संगणक विंडोज ११ घेत नाही. तो मोडीत काढावा का? (निवृत्त शिक्षिका, मुलुंड)

उत्तर : विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे खरे, त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार टाळावेत. संगणक मात्र मोडीत काढू नये. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी विनामूल्य प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, डिस्कवर काहीही न बसवता, आधी चालवून पाहता येते. लिबरऑफिस त्यात तयारच असते आणि मराठी कळफलकही मिळतो. आवाज, वायफाय आणि विशेषतः आपला प्रिंटर त्यावर चालतो का, एवढे दोन-तीन दिवस तपासावे आणि मगच कायमचे बसवावे. त्याआधी आपल्या सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.