घरून दिवाळीचा फराळ विकण्यासाठी परवाना लागतो का?

ओळखीच्या पंधरा-वीस घरांना फक्त दिवाळीपुरता फराळ करून द्यायचा असेल तरीही परवाना लागतो का, असे आपण विचारले आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 31 प्रमाणे स्वतः पदार्थ करून विकणाऱ्या लहान उत्पादकाला परवान्यातून सूट आहे, नोंदणीतून नाही. ओळखीची घरे म्हणून कोणी सुटत नाही आणि सुटूही नये.

2022 च्या दिवाळीत माझ्याकडे चाळीस किलोंच्या ऑर्डरी होत्या. ऐनवेळी सुके खोबरे कमी पडले, तेव्हा जाऊबाईंनी करंजीच्या सारणात दोन वाट्या दाण्याचे कूट मिसळले. कोणाला कळणारही नाही, असे त्या म्हणाल्या आणि मी गप्प बसले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एका ग्राहक ताईंचा फोन आला. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचे ओठ सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या आणि करंजीत काय काय आहे, हे डॉक्टर विचारत होते. पाकिटावर माझे नाव व फोन नंबर याखेरीज एक अक्षरही नव्हते. मुलगा इंजेक्शनने सावरला, परंतु त्या ताईंनी पुन्हा माझ्याकडून काही घेतले नाही, आणि ते योग्यच होते.

‘आपल्या घरात तीन पिढ्या हेच खातात, घरच्या पदार्थाला सरकारी कागद कशाला?’ हे जाऊबाईंचे म्हणणे आजही कायम आहे. घरात कोणाला काय सोसत नाही हे आपल्याला ठाऊक असते. पैसे देऊन पाकीट नेणाऱ्याचे आपल्याला काहीच ठाऊक नसते, म्हणून ते पाकिटावर लिहावे लागते.

पाडव्यानंतर मी फॉसकॉस या अन्न परवाना व नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फोटो व ओळखपत्र जोडून नोंदणीचा फॉर्म ए भरला. तेव्हा वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असल्यास नोंदणी पुरत असे आणि शुल्क वर्षाला 100 रुपये होते. आता चौदा अंकी नोंदणी क्रमांकासोबत घटक, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावे, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि ‘यात गहू, दूध, शेंगदाणे आहेत’ ही ओळ मी प्रत्येक लेबलवर छापते. अर्ज भरण्यापूर्वी मर्यादा व शुल्क आपण संकेतस्थळावर तपासून घ्यावे. मर्यादेपलीकडे उलाढाल गेल्यास परवानाच लागतो.

मदतीला घरचे कोणी घेणार असाल, तर लेबलवर नसलेला जिन्नस पातेल्यात पडणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. जाऊबाई अजूनही माझ्याकडे चकल्या पाडायला येतात, सारण मात्र मी एकटीच कालवते.