नायिकेला १८८७ च्या मुंबईत उतरवताना

प्रश्न : मी सनदी लेखापाल आहे, सवडीने कथा लिहिते. माझी नायिका आजच्या अंधेरीतून थेट १८८७ च्या मुंबईत पोहोचते. तिला तिथे नोकरी मिळेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हिशेबाच्या कामाचं विसरा, पेढीवर तिला कोणी बसू देणार नाही. शिक्षिका होता येईल. पुण्यात मुलींची शाळा हुजूरपागा १८८४ मध्येच सुरू झाली होती आणि शिकवणाऱ्या बायका दुर्मीळ होत्या.

पण नोकरीआधी ती कोणाची कोण, हे ठरवा. पहिल्याच दारात विचारतील, नवरा कुठे? १८८७ च्याच मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. लग्न अकराव्या वर्षी लावलेलं, सासरी त्या कधी गेल्याच नव्हत्या. त्यांनी कैदेची तयारी दाखवली! १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या, सुरतेत काम केलं. आणि डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्याच फेब्रुवारीत, अवघ्या २१ व्या वर्षी गेल्या होत्या.

म्हणून कळकळीने सांगते, तुमच्या नायिकेला या बायकांना धैर्य शिकवायला लावू नका. रखमाबाईंनी १८८५ मध्येच ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली होती. नायिकेच्या हाती ते जुने अंक पडू द्या, मग नोकरीचं बघा.