वाचक विचारतात: रग्बी खेळून परत ट्रॅकवर?

प्रश्न: 2023 च्या बँकॉकच्या आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत ज्योती याराजीने 100 मीटर हर्डल्स जिंकली तो व्हिडिओ मी दहादा तरी बघितला असेल. दुसरी आलेली जपानची बाई मध्येच खेळ सोडून रग्बी खेळायला गेली होती असं कोणीतरी म्हणालं. खरं आहे का की नुसतीच थाप?

उत्तर: खरं आहे हो, आणि पूर्ण ऐकलंत तर अजून चाट पडाल. तिचं नाव आसुका तेरादा, सापोरोची, जन्म 1990 चा. शाळेत असल्यापासूनच स्टार, हायस्कूलच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिली, मग 2008, 2009, 2010 असं तीनदा जपानची सीनियर चॅम्पियन, आणि 2009 ला ग्वांगझूच्या आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत सिल्व्हर. म्हणजे बँकॉकचं सिल्व्हर हे दुसरं, मध्ये चौदा वर्षं! त्यानंतर मात्र दुखापती सुरू झाल्या, खाण्यापिण्याचं तंत्र बिघडून तब्येतीवर आलं, आणि 2013 ला वयाच्या तेविसाव्या वर्षी तिने चक्क रिटायरमेंट घेतली. लग्न झालं, 2014 ला मुलगी झाली. इथे बहुतेकांची गोष्ट संपते.

हिने 2016 ला सेव्हन्स रग्बी (सात-सात खेळाडूंची) धरली. रग्बीत पायाचं हाड मोडून घेतलं, ऑलिंपिकचं स्वप्न काही तिकडून जमेना, आणि 2018 संपता संपता बाई परत हर्डल्सकडे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये फुकुईला 13.00 सेकंद, म्हणजे इव्होन कानाझावाने 2000 साली केलेल्या नॅशनल रेकॉर्डची बरोबरी. आणि दोनच आठवड्यांनी, 1 सप्टेंबरला, यामानाशीत 12.97. तेराच्या आत धावलेली पहिली जपानी बाई!

पेपरवाले "आई झाली तरी धावली" यावरच अडकतात, मला ते जरा बोअर होतं. तिचा आधीचा बेस्ट 13.05 होता, एकोणीस वर्षांची असतानाचा, आणि एकतिसाव्या वर्षी तिने 12.87 केला. आई झाल्यावर ती जास्त फास्ट झाली, बोलायचं तर यावर बोला ना.

प्रश्न: पण 12.97 आणि 13.00 मध्ये असा काय मोठा फरक? वर्ल्ड रेकॉर्ड तर 12.12 आहे.

उत्तर: अंतराने बघा. त्या स्पीडला तीन शतांश सेकंद म्हणजे जेमतेम वीतभर. पण तेवढी वीत ओलांडायला जपानला एकोणीस वर्षं लागली. दहा हर्डल्स, प्रत्येक साधारण 84 सेंटिमीटर उंच, मधलं अंतर साडेआठ मीटर, आणि त्यात सगळ्यांची पावलं तीनच. टक-टक-टक, उडी. चौथं पाऊल कोणी टाकत नाही, त्यामुळे वेळ वाचवायचा तर तीच तीन पावलं लवकर पडली पाहिजेत आणि उडीत हवेत कमी राहिलं पाहिजे. 13.00 वरून 12.87 ला यायचं तर दर हर्डलमागे साधारण एकेक शतांश वाचवायचा, तोही दहाही वेळा. सहाव्या हर्डलला जरा पाय घासला की मागचं सगळं वाचवलेलं गेलं. (नुसता पाडला तर बाद होत नाही बरं का, मुद्दाम पाडला किंवा त्याने दुसरीला अडथळा झाला तरच.) बँकॉकला ज्योती 13.09 आणि तेरादा 13.13, म्हणजे फूटभर अंतर.

प्रश्न: मग ती ऑलिंपिकला गेली की नाही शेवटी?

उत्तर: गेली की! 2021 ला अकरा वर्षांनी परत जपानची चॅम्पियन झाली आणि टोकियोत घरच्या मैदानावर सेमीफायनलपर्यंत पोचली. या इव्हेंटमध्ये 2000 च्या सिडनीनंतर एकाही जपानी बाईला ते जमलं नव्हतं, आणि सिडनीला पोचली होती ती तीच कानाझावा.

रेकॉर्ड मात्र आता तिच्याकडे नाही. 2022 ला आधी मासुमी आओकीने 12.86 केला, मग त्याच वर्षी माको फुकुबेने 12.73 वर नेला, आणि 2024 ला स्वतःच 12.69. तेराची भिंत एकदा पडल्यावर पाच वर्षांत एवढं.