बेल्ट बांधताना ऐकायचं गाणं

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची. मार्चमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून कमरेला बेल्ट आहे. लेकीनं मोबाइलवर 'आय विल सर्व्हाइव्ह' हे गाणं पाठवलं. इंग्रजी मला जेमतेम कळतं, पण रोज सकाळी बेल्ट बांधताना ते लावते आणि त्याच्या जोरावर जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरते. परवा भाचा म्हणाला, "मावशी, ते सोडून गेलेल्या प्रियकराला सुनावणारं गाणं आहे." तेव्हापासून लावताना ओशाळल्यासारखं होतं. मी त्यातून भलताच अर्थ काढतेय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याचं म्हणणं शब्दांपुरतं खरं आहे. सोडून गेलेला माणूस पुन्हा दारात येऊन उभा राहतो आणि ती त्याला आल्या पावली परत धाडते. पण हे गाणारी बाई कोण होती, ते त्याला ठाऊक नसावं.

ग्लोरिया गेनर ही अमेरिकेतली डिस्को गायिका. १९७८ साली ती कार्यक्रम चालू असताना स्टेजवर पडली आणि तिच्या मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. हे गाणं रेकॉर्ड करायला ती स्टुडिओत उभी राहिली, तेव्हा तिच्या पाठीलाही बेल्ट होता. हो, तुमच्यासारखाच! गाताना मनात ते दुखणं आणि काही वर्षांपूर्वी गेलेली आई होती, असं तिनं पुढे सांगितलं. प्रियकर त्यात नव्हताच. तुम्ही ज्याला भलता अर्थ म्हणता, तो सगळ्यात आधी तिनंच त्या शब्दांत ओतला. फ्रेडी पेरेनबरोबर गाणं लिहिणाऱ्या डिनो फेकारिसच्या मनात तर हातची गेलेली नोकरी होती.

कंपनीनं ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. क्लबांतल्या डीजेंनी तबकडी उलटून वाजवायला सुरुवात केली आणि मार्च १९७९मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

मी स्वतः कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यावर नाचले होते, शब्द मात्र कधी ऐकले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या बँकेची कागदपत्रं घेऊन रिक्षातून येत होते आणि रेडिओवर ते लागलं. सुरुवातीला पियानोची एक लड सरसरत उतरते, मग तिचा आवाज जवळजवळ एकटाच येतो. ठेका नाही. आणि पहिलंच वाक्य काय, तर मी घाबरले होते, गोठून गेले होते. घर आलं तरी मी उतरले नाही. गाणं संपेपर्यंत रिक्षावाले काका मीटर बंद करून मुकाट बसून राहिले. मला त्या दिवशी हिंमत मिळाली ती त्या 'घाबरले होते'मुळे. ठेका त्यानंतर येतो.

तेव्हा ओशाळू नका, लावा खुशाल. फक्त एक करा : तो ठेका सुरू झाला की पाय आपसूक घाई करतात. बेल्ट गाण्याबरोबर बांधा, पायऱ्या मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या चालीनंच उतरा. फोन पिशवीत ठेवा, एक हात कठड्यावर. आणि भाचा पुन्हा आला की त्याला ग्लोरियाच्या बेल्टची गोष्ट सांगा.